अंगठ्याआडचा सचिन

2024च्या दिवाळीच्या सुट्टीत पूर्णेहून देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई गाठली. 1 नोव्हेंबरला वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्धची कसोटी सुरू होणार होती आणि डोंबिवलीच्या भाच्यानं तिकिटं काढून ठेवली होती. ऐन लक्ष्मीपूजनाला मी घरात नाही म्हणून आई नाराज होती. मला मॅचपेक्षा ओढ होती ती सचिनच्या पुतळ्याची.

बरोबर वर्षापूर्वी, 1 नोव्हेंबर 2023ला, सचिन तेंडुलकर स्टँडजवळ त्याचं अनावरण झालं. नगरचे शिल्पकार प्रमोद कांबळे यांनी तो घडवलेला. लगेच मोबाइलवर सुरू झालं: हा सचिन नाही, स्टीव्ह स्मिथ आहे. शाळेतल्या पोरांनी फोटो दाखवून दात काढले, तेव्हा मला फार लागलं. मी चित्रकला शिकवतो. साम्य हातातून निसटतं तेव्हा काय होतं, ते मी भोगलंय.

वडील गेले त्या वर्षी नदीकाठची माती आणून त्यांचा अर्धपुतळा करायला घेतला होता. फोटोवरून मापं घेतली. नाक बरोबर, कान बरोबर, कपाळ बरोबर. आणि पाटावर बसलेले गृहस्थ अनोळखी. चार दिवस वरच्या ओठाशी माती लावत होतो, खरवडत होतो. तिथं तांदळाच्या दाण्याएवढी माती जास्त झाली तरी माणूस बदलतो. शेवटी ओलं फडकं टाकलं. ते पुन्हा उचलवलं नाही.

त्यात चौथऱ्यावरचा पुतळा खालून बघायचा. खालून हनुवटी पुढे येते, कपाळ आखूड होतं. शिल्पकाराला ते आधीच धरून चालावं लागतं. ब्राँझमध्ये डोळ्यांचा काळा-पांढरा रंग नसतो, नजर नुसत्या सावलीतून उभी करायची. आमच्याकडे गावोगावी बाबासाहेब उंचावलेल्या बोटावरून, हातातल्या संविधानावरून लांबूनच ओळखू येतात. सचिनच्या हातात बॅट, पण बॅट कुणाच्या हातात नसते? सगळा भार चेहऱ्यावर येतो. आणि हा चेहरा लोकांनी 24 वर्षं टीव्हीवर अगदी जवळून पाहिलेला. 1998ला शारजात त्यानं 143 आणि मग 134 केले, तेव्हा आमच्या रेल्वे क्वार्टरच्या एका खोलीत शेजारपाजारचे वीसेक जण दाटीवाटीनं बसले होते. वडील दारात उभे, अंगावर ड्यूटीचेच कपडे. त्यांना बसायला जागाच उरली नव्हती.

लंचला आम्ही पुतळा नीट दिसेल अशा जागी गेलो. बराच वेळ बघत राहिलो. चेहरा जमलेला नाही, हे मलाही मान्य करावं लागलं. भाचा हळूच म्हणाला, "मामा, हा नाही ना तो?"

मी हात ताठ केला, एक डोळा मिटला आणि मापं घेताना धरतो तसा अंगठा धरून तेवढा चेहरा झाकला. उरलं ते सगळं त्याचं. फटका पूर्ण करून वर गेलेली बॅट, तिच्यामागे वळलेलं अंग, पॅड बांधलेले पाय. कुठं ओढाताण नाही. हे अंग माहीत असलेल्या माणसानंच ते घडवलंय.

"असा अंगठा धर," मी म्हणालो.

त्यानं धरला. थोडा डावीकडे सरकवला, पुन्हा जागेवर आणला.

"अरे... मामा, हाच की!"

लंच संपून अंपायर मैदानात उतरले, लोक जागेवर परतायला लागले, तरी त्याचा हात वरच होता.