धुरजड आणि उलाळ

उन्हाळ कांदा निघाला की आमच्या घरात दोनच विषय, भाव आणि ट्रॉली. गाव उमराण्याजवळचं. जवळच्या बाजारात भाव पडला की नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, माल लासलगावला न्यायचे. वाटेत राहूड घाट.

ट्रॉली दोनचाकी. नानांची उमर बैलगाडीत गेलेली, म्हणून शब्दही तिचेच. माल पुढं जास्त झाला तर गाडी धुरजड, मागं जास्त झाला तर उलाळ. उलाळ गाडीत जू वर उचलतं आणि बैलांचा गळा आवळतो. ट्रॅक्टरलाही ते सुटत नाही. मागं वजन पडलं की ट्रॉलीची दांडी हूक वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं भुई धरत नाहीत आणि ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते. सगळं पुढं ओतलं तर चढाला पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग ऐकत नाही. "जरा धुरजड चालंल, उलाळ नको," असं म्हणत नाना खाली उभे राहायचे आणि कोणती पाटी कुठं ओतायची ते हातानं दाखवायचे.

भाव पडलेल्या साली एका खेपेत जास्त माल न्यायचा मोह सगळ्यांनाच व्हायचा. डिझेल वाचतं. नाना फळीच्या वर कांदा चढू द्यायचे नाहीत. "भाव आपल्या हातात नाय. किती भरायचं, ते तर हाय ना?"

निघताना हूकची पिन, तिची क्लिप, टायरची हवा बघायची. पिनेच्या जोडीला साखळी असायचीच. पिन निसटलीच तर ट्रॉली मोकळी सुटू नये. मग ब्रेकचे दोन्ही पायटे पट्टीनं जोडायचे. शेतात वळायला ते सुटे लागतात, पण रस्त्यावर एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. आमच्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नव्हता. सगळं वजन ट्रॅक्टरनंच थांबवायचं.

परतताना ट्रॉलीत खताच्या गोण्या असत. नाना उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकत. "ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतरायचं." शेजारच्या वस्तीवरल्या एकानं डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल केली होती. ट्रॉलीनं मागून रेटा दिला, ट्रॅक्टर आडवा झाला, दोन्ही कात्रीसारखे दुमडले. माणूस वाचला, पाय गेला. पुढं त्याची शेती बायकोनं ओढली.

अंधार पडला तर आम्ही चांदवडला मुक्काम करायचो. घरी आजी वाट बघत बसायची, सकाळी बोलणी खावी लागत. नाना ऐकून घेत. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता आणि बिनदिव्याची ट्रॉली रात्री रस्त्यावर न्यायला ते कधीच तयार नसत.

आता उसाच्या हंगामात निफाडकडून रात्री येताना पुढं अचानक काळा ढीग उभा राहतो. ना दिवा, ना लाल पट्टी. तिथं मोटारसायकलवरचं एखादं पोर असतं तर, या विचारानं अंगावर काटा येतो. नानांनी त्यांच्या शेवटच्या ट्रॉलीला मागून दोन्ही कोपऱ्यांवर लाल रिफ्लेक्टर ठोकून घेतले होते. दर खेपेआधी ते धोतराच्या सोग्यानं पुसायचे.