गफ्फार मार्केटमधील चिठ्ठी

करोल बागेतल्या गफ्फार मार्केटमध्ये फोनची फुटलेली काच तासाभरात बदलून मिळते. गेल्या पावसाळ्यात मी तिथे फोन दिला. कारागिराने पिन विचारला, मी सांगितला. त्याने तो चिठ्ठीवर लिहून फोनच्या पाठीला चिकटवला. बाहेर चहा घेताना मात्र चैन पडेना. फोनमध्ये आईचे तपासणी-अहवाल होते आणि एका मैत्रिणीने केवळ माझ्यावर विसंबून लिहिलेला मजकूर होता. पिन देताना तिला कोणी विचारले होते?

मी संशोधक विद्यार्थिनी, आणि माझा विषय डिजिटल गोपनीयता. याहून लाजिरवाणे ते काय!

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये याच प्रश्नावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. लॅपटॉपचा आवाज मुद्दाम बिघडवून, आत कल्पित व्यक्तींची खासगी छायाचित्रे आणि कागदपत्रे ठेवून ते दुरुस्तीला दिले. काय काय उघडले जाते, याची नोंद आत गुपचूप होत होती. त्या बिघाडासाठी कोणत्याही फायलीला हात लावण्याची गरज नव्हती. तरीही 16 पैकी 6 ठिकाणी खासगी माहिती पाहिली गेली, 2 ठिकाणी तिची नक्कलही काढली गेली; आणि स्त्रियांच्या म्हणून दिलेल्या यंत्रांत डोकावणे अधिक आढळले.

असाच प्रयोग गफ्फारमध्ये करावा, असे माझ्या मनात होते. फोन परत घेताना मी ते कारागिराला सांगून टाकले. तो रागावला नाही. म्हणाला, “बेटा, काच बसवल्यावर स्पर्श, कॅमेरा, माइक सगळे तपासावे लागते. न तपासता दिले, तर गिऱ्हाईक संध्याकाळी भांडायला येते. काही फोनांत दुरुस्तीपुरती खासगी सामग्री झाकून ठेवण्याची सोय असते. ती लावून कोण आणतो? आणि प्रयोग आमच्यावर, तर आम्हांला विचारणार कोण?”

उत्तर सोपे नव्हते. सांगून केलेल्या प्रयोगात सगळेच सज्जन वागतात. न सांगता केला, तर हा माणूस नकळत संशयित ठरतो. 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संशोधनाला काही अटींवर बरीच सूट देतो, पण त्या सवलतीत कारागिराची संमती सामावत नाही. वैद्यकीय संशोधनापुरते तरी आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नीतिसमितीत सामान्य नागरिकाला जागा दिली आहे. आमच्या आराखड्यावर मात्र आजवर विद्यापीठाबाहेरच्या एकाही माणसाची नजर पडली नव्हती. बाजाराला आधी कल्पना द्यावी, दुकान आणि दिवस गुप्त ठेवावा, नावे कधीच छापू नयेत, असे काही जमेल का?

मी प्रश्नावली त्याच्यापुढे धरली. पहिला प्रश्न होता, ‘कारागिरांवर तुमचा विश्वास किती?’ तो हसला. “त्यापेक्षा विचारा, पिन न देता काम होईल का, हे दुकानात कोणी सांगितले होते का.”

मी जुना प्रश्न खोडला. त्याने पिनची चिठ्ठी माझ्यासमोर फाडली आणि म्हणाला, “बाकीचे सोमवारी. बाजार बंद असतो, आणखी दोघांना बोलावून ठेवतो.”