दिवा विझला, पण दुरुस्ती झाली का?

मंडळी, आज पिकाचं नाही, पिकअपचं. आपली बीएस-६ डिझेल. शेत ते गाव दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, त्यात सायलेन्सरच्या लाइनमधला डीपीएफ फिल्टर नीट तापतच नाही, काजळी साठत जाते. परवा इंजिनचा दिवा लागला, ओढ गेली. गॅरेजवाल्याने प्रेशर सेन्सरची चिरलेली नळी बदलली, स्कॅनरने कोड पुसला. "दिवा गेला, न्या दादा!"

कोड पुसला की दिवा जाणारच हो. पण त्यासोबत गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्याही कोऱ्या होतात, त्या गाडी पळवल्यावरच पुन्हा पूर्ण होतात. आणि मला टोमॅटो घेऊन वाशीला जायचं होतं. घाटात ओढ गेली तर माल कोण उतरवणार?

स्कॅनर लावूनच दोघं हायवेला लागलो. साठच्या आसपास एकसारखा वेग, अर्धा तास. काजळीचा आकडा उतरायला लागला तेव्हा जीवात जीव आला. काही तपासण्या रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच होतात, म्हणून निम्मे पैसे दुसऱ्या सकाळी दिले.

आणि हो, काजळी जळताना फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापतो. तेव्हा गाडी पाचटावर, वाळल्या गवतावर उभी करू नका.