रुळांच्या जागी पाऊलवाट

दौंडहून मनमाडकडे रेल्वेने जाताना श्रीगोंदा रोड हे स्थानक लागते. आमचे गाव श्रीगोंदा. १८७८ साली सुरू झालेल्या या मार्गावर आजही गाड्यांची वर्दळ असते. त्यामुळे रुळांवरून फिरायला जाणे आम्हांला कधी सुचले नाही, आणि आपणही तसे करू नये. परंतु गाड्या कायमच्या थांबल्यावर लोहमार्गाचे काय होऊ शकते, हे गेल्या वर्षी लेकीकडे अमेरिकेत पाहिले.

ती व्हर्जिनियातील हर्नडन येथे राहते. तेथील रेल्वे १९६८ साली बंद पडली. पुढे रुळांच्या जागी सुमारे ७२ किलोमीटर लांबीचा डांबरी पथ झाला. हर्नडनचे १८५७ सालचे छोटे स्थानक आजही त्याच्या कडेला उभे आहे. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही; म्हणून मार्ग बांधतानाच उंचवटे कापून व सखल जागी भराव घालून चढ सौम्य ठेवतात. इंजिनासाठी केलेली ती सोय आता दुखऱ्या गुडघ्यांच्या उपयोगी पडते.

माझ्या यजमानांचे गुडघे दोन वर्षांपासून दुखत होते. डॉक्टरांनी काठी घेऊन चालण्यास सांगितले होते. पण गावाने आपल्याला काठीसह पाहू नये म्हणून त्यांनी घराबाहेर पडणेच सोडले होते.

लेकीचा कुत्रा ब्रूनो चौदा वर्षांचा. त्याचे मागचे पाय थरथरत, म्हणून ती त्याला बाबागाडीतून फिरायला नेई. पहिल्या दिवशी आम्ही हसलो. आमच्याकडे कुत्रा शेताची राखण करतो. गाडीत बसून हिंडत नाही! ब्रूनो मात्र शंभरेक पावले चालला, थांबला आणि गाडीकडे पाहू लागला. आत ठेवताच नाक वर करून वारा घेऊ लागला.

चौथ्या दिवशी गाडीची मूठ यजमानांनी घेतली. महिनाभरात ते स्थानकापर्यंत जाऊन परतू लागले. एकदा बाकावर टेकताना म्हणाले, "याला लाज वाटत नाही गं."

आपल्या घरी असे वृद्ध माणूस वा प्राणी असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बाबागाडी म्हणजे आधाराचा वॉकर नव्हे. तिच्यावर भार टाकल्यास ती पुढे सरकते. थांबताना ब्रेक लावावा. डांबरावर हाताची मागची बाजू ठेवून पाहावी. चटका बसला तर कुत्र्याला उतरवू नये. पशुवैद्यांच्या सल्ल्याने त्याला थोडे चालू द्यावे, म्हणजे स्नायू टिकतात. आपली चाल बोलता येईल इतकीच असावी, आणि निम्मी शक्ती शिल्लक असतानाच मागे वळावे.

श्रीगोंद्यात असा पथ नाही. पण शाळेचे मैदान सपाट आहे. यजमान रोज सकाळी काठी घेऊन तेथे दोन फेऱ्या मारतात. काल लेकीचा फोन आला. ब्रूनो आता पन्नासच पावले चालतो, म्हणाली.

"आणि पुढे?" यजमानांनी विचारले.

"पुढे गाडीत, बाबा."

त्यांनी मान डोलावली, कोपऱ्यातली काठी घेतली आणि चपला शोधू लागले.