लाखांदूरची दाईमाँ

लाखांदूर नकाशावर शोधायचे असेल तर आधी वैनगंगा शोधावी. भंडारा, पवनी ही गावे मागे टाकून ही नदी खाली येते. पुढे चूलबंद तिला येऊन मिळते. त्याच टापूत, भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातली ब्रह्मपुरी, आणि खाली उतरले की गडचिरोली जिल्ह्यातला वडसा. सरकारने जिल्ह्यांच्या रेघा कितीही ओढल्या तरी इथला माणूस स्वतःला झाडीचाच म्हणवतो. पुण्याकडच्या पाहुण्याला त्याच्या बोलण्यात प्रथम खटकते ते 'ळ' आणि 'ण' यांचे नसणे. डोळा हा इथे डोरा होतो, कोण हा कोन होतो. मी पोटासाठी मराठी शिकवतो. वर्गात या बोलीचे नियम सांगताना मी 'डोरा' हाच शब्द उदाहरणादाखल फळ्यावर लिहीत आलो आहे. तो लिहिताना दर वेळी माझा हात किंचित अडखळतो. त्याचे कारण लाखांदूरलाच आहे.

लाखांदूर हे माझे आजोळ. माझा जन्मही तिथलाच. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीने. दिवाळीची सुट्टी लागली की एस. टी.ने साकोलीवरून मामांकडे जायचे, हा आमचा वार्षिक क्रम होता. त्या दिवसांत सगळा मुलूख पिकल्या धानाच्या वासाने भरलेला असतो. बांध्यांमधून कापणी चाललेली असते, आणि उभ्या धानातच फेकलेली लाखोरी, धान कापून झाले की हिरवी होऊन खालून डोके वर काढते. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री दंडार किंवा नाटक. झाडीपट्टीत नाटक हे जेवणासारखे आहे. त्याच्याविना पाहुणचार पुरा होत नाही.

१९८८ च्या मंडईत मात्र गावातल्या तरुण मंडळींनी एक नवा बेत केला. नाटकाच्या जोडीला एका रात्री 'व्हिडिओ' आणायचा! वर्गणी झाली. दूरदर्शनसंच, ते टेप फिरवणारे यंत्र आणि एक धडधडणारे जनरेटर बैलगाडीतून आले. पटांगणात टेबलावर संच मांडला, आणि पुढे तणसावर सारे गाव बसले. मंडळींची फर्माईश होती भुताच्या चित्राची. रामसे बंधूंची नावे तेव्हा पोराटोरांच्या तोंडी होती. 'पुराना मंदिर' पाहून आलेला एखादा तरी मुलगा प्रत्येक गावात असे, आणि तो त्या भांडवलावर वर्षभर मिरवत असे. पण ज्याच्याकडून कॅसेटी भाड्याने आणल्या त्या गृहस्थाने, भुताचे म्हणून, एक जुनेच काळेपांढरे चित्र माथी मारले होते. ते होते १९६४ चे 'कोहरा'.

प्रथम शिट्ट्या झाल्या. काही मंडळी उठून घरीही गेली. पण जे बसले ते बसूनच राहिले. या चित्राचे दिग्दर्शक बीरेन नाग हे मूळचे कलादिग्दर्शक. त्यामुळे त्यातली हवेली ही नुसती वास्तू नाही, तिलाही एक भूमिका आहे. निर्मिती आणि संगीत हेमंतकुमारांचे. त्याच मंडळींनी १९६२ साली 'बीस साल बाद' काढून प्रेक्षकांना घाबरवायचा धडा गिरवला होता. कथा घेतली होती दाफ्ने द्यू मोरिए या इंग्रज लेखिकेच्या १९३८ च्या 'रेबेका' कादंबरीवरून. नवी नवरी मोठ्या घरात येते, आणि त्या घरात पहिलीची सावली अजून रेंगाळते आहे. ती सावली जपणारी जुनी बाई म्हणजे दाईमाँ. नवरी होती वहिदा रेहमान, आणि दाईमाँ, ललिता पवार!

हिचकॉकने १९४० साली याच कादंबरीवर चित्र काढले, तेव्हा त्यातल्या डॅनव्हर्सबाईंना त्याने चालताना फारसे दाखवलेच नाही. त्या नुसत्या दिसतात. कधी दाराशी, कधी खांद्यामागे. ललिताबाईंचा कस वेगळा. त्यांना नुसते उभे राहणेही पुरेसे होते. एक डोळा तुमच्याकडे, दुसरा किंचित मिटलेला, आणि ओठांवर हसू आहे की नाही हे शेवटपर्यंत न कळणारे. भूत काही दिसले नाही. पण मामांच्या घराच्या परसातून पाणी प्यायला जायची त्या रात्री माझी छाती झाली नाही.

तशा ललिताबाई आम्हाला आधीच ठाऊक होत्या. आदल्याच वर्षी रामानंद सागरांच्या 'रामायणा'त त्या मंथरा झाल्या होत्या. दर रविवारी मामांच्या ओटीवर जमणाऱ्या बायका त्यांच्या नावाने बोटे मोडत. त्या डोळ्याचा इतिहास मात्र मला पुष्कळ वर्षांनी, कॉलेजात गेल्यावर कळला. येवल्याकडची ही मुलगी मूकपटांच्या काळात पडद्यावर आली आणि नायिका झाली. १९३८ साली टॉलस्टॉयच्या कादंबरीवरून तिने स्वतः 'दुनिया क्या है' हे चित्र काढले. पुढे १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात एका प्रसंगात भगवानदादांनी तिला थप्पड मारायची होती. त्यांचा हात जोरात बसला. चेहऱ्याला लकवा झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. तीन वर्षे उपचार चालले. पण डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेची दारे बंद झाली, आणि सासू, सावत्र आई, कजाग शेजारीण या भूमिकांची उघडली. त्यांतही 'अनाडी'तली मिसेस डिसा करून त्यांनी फिल्मफेअरचे पारितोषिक मिळवले, आणि त्या रागीट चेहऱ्यामागे केवढी माया मावते ते दाखवले. पण लोकांच्या लक्षात राहिला तो डोळा. कामावर झालेली जखम लोकांनी स्वभाव म्हणून वाचली.

हे मला १९८८ साली ठाऊक असते तर पुढची गोष्ट कदाचित घडली नसती.

मामांच्या घरापलीकडे दोन घरे सोडून एक म्हातारी राहत असे. तिला सारे 'बुढी' म्हणत. एकटी बाई. नवरा कधीच गेलेला, मुलगी नदीपलीकडे दिलेली. तिच्या एका डोळ्यात पांढरे फूल पडले होते. धान कापताना कणसाचे कूस डोळ्यात गेले, ते चिघळले, आणि डोळा गेला. धानाच्या मुलखात हे नवे नाही. एवढेसे कूस बुबुळाला खरचटते, त्यात बुरशी धरते, आणि वेळेवर औषध पडले नाही तर आठवड्या-पंधरवड्यात दृष्टी जाते. बुढीच्या वेळी औषध म्हणून कोणी तरी पाल्याचा रस पिळला होता, असे आजी सांगे. ही बुढी गावची सुईण होती. निम्मे लाखांदूर तिच्या हातावर जन्मले होते, आणि त्यात मीही होतो.

'कोहरा'च्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोक्यावर तणसाचा भारा घेऊन वळणावरून आली. ऊन डोळ्यांवर येत होते म्हणून तिने तो पांढरा डोळा बारीक केला. आम्ही सात-आठ पोरे गोट्या खेळत होतो. मी ओरडलो, "दाईमाँ आली!" पोरे किंचाळत पळाली. आम्हाला ती गंमत इतकी आवडली की सुट्टी संपेपर्यंत तो खेळच झाला. बुढी पहिल्यांदा हसली. दाई तर ती होतीच. तिला वाटले, पोरे मानाने म्हणतात.

सुट्टी संपली, मी परत आलो. त्या हिवाळ्यात गावात एका घरची गाय आटली. मग एका लहान मुलाचा ताप हटेना. पोरांच्या तोंडचा शब्द हळूहळू थोरांच्या तोंडी गेला, आणि थोरांच्या तोंडी गेल्यावर त्याचा खेळ राहिला नाही. "तिच्या डोऱ्यात हायच काही," असे बायका म्हणू लागल्या. तिला कोणी मारले नाही, कोणी शिवी दिली नाही. फक्त बाळंतपणाला बोलावणे थांबले. रोवणीला बायकांच्या रांगेत तिच्या शेजारी कोणी उभी राहीना. पुढच्या दिवाळीला मी गेलो तेव्हा तिच्या घराला कुलूप होते. पावसाळ्याआधीच ती लेकीकडे निघून गेली होती. मी कारण विचारले नाही. मला ते ठाऊक होते.

२०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्या बाईवर करणीचा आळ घेणे, तिच्यामुळे रोग आला, जनावर आटले असे म्हणून तिचे जगणे कठीण करणे, हा आता गुन्हा आहे. वर्तमानपत्रात ती कलमे वाचताना माझ्यासमोर कुलूप लावलेले ते दार आले. कायद्यात दहा वर्षांच्या मुलाने हाक मारल्याचे कलम नाही, आणि नसावेही. पण कलम नाही म्हणून मला झोप आली असे नाही.

गेल्या वर्षी भाऊबिजेनंतर पुष्कळ वर्षांनी लाखांदूरला गेलो. मामा आता नाहीत. मामी सत्तरीच्या पुढे आहेत. रात्री जवळच्या एका गावी नाटक होते, वडशाच्या मंडळीचे. वडसा ही या रंगभूमीची राजधानी. धान निघालेल्या शेतात माती खणून केलेले प्रेक्षागृह, पुढे ऑर्गन-तबला, आणि पहाटेपर्यंत चालणारा खेळ. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीने आपल्याच घरात सन्मान आल्यासारखा आनंद केला. त्या रात्रीच्या नाटकात एका वयस्क नटीने दुष्ट सासूचे काम असे काही केले की माझ्या मागची बाई मोठ्याने तिला शाप देत होती. खेळ संपल्यावर आत जाऊन मी त्या नटीचे अभिनंदन केले, आणि तो शापही सांगितला. तोंडाचा रंग पुसत ती म्हणाली, "दादा, रंग पुसला का मी घरी जातो. ज्या बाईले रंगच नसते ना, तिनं काय पुसाव?"

घरी परतताना मी मामींना सारे सांगून टाकले. मामी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या मामाले मालूम होतं, बापू. पन त्यानं कोनाले सांगतलं नाई. ते बुढी जिती होती तवरी दर साली नव्या तांदराची एक पायली घेऊन जाये तिच्याकडे." मामांनी मला त्याबद्दल आयुष्यात एक शब्द विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामींनी बांधून दिलेले तांदूळ घेऊन मी पुलावरून नदीपलीकडे गेलो. बुढीची लेक आता स्वतःच म्हातारी झाली आहे. तिने चहा केला. मी कोण, कशासाठी आलो, ते सांगितले. सांगताना पडद्यावरच्या त्या बाईच्या डोळ्याची हकीकतही सांगितली. तिलाही कामावरच मार लागला होता, असे म्हणालो. तिने तांदूळ सुपात ओतून घेतले, दोन खडे निवडून बाजूला टाकले, आणि म्हणाली, "लेकरायचं काय मनावर घ्याचं, भाऊ. मोठ्यायले अक्कल पाह्यजे होती."

मग थोडे थांबून तिने विचारले, "पिक्चर चांगला होता का?"

"चांगला होता," मी म्हणालो. "त्या बाईनं काम फार चांगलं केलं होतं."

"माह्या मायनंबी," ती म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.