तांबड्या कंगव्यावर

मुलांनो, आमच्या घरी बाहेरच्या खोलीत एक फोटो लावलेला आहे. डोंगराच्या माथ्यावर दगडी चौथऱ्यापाशी मी उभा आहे. छाती पुढे, दोन्ही हात कमरेवर. मागे नुसतं पांढरं धुकं. सोसायटीतली मुलं घरी आली की हमखास विचारतात, "काका, हा कुठला डोंगर?" मग मी ऐटीत सांगतो, "वेल्समधला सर्वांत उंच डोंगर!"

पण फोटोत एक गोष्ट जरा विचित्र आहे. वारा सुटलाय, गारठा आहे, मी कुडकुडतोय आणि तरीही माझं जाकीट अंगात नाही, कमरेला बांधलेलं आहे. का? हे आजवर कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतो.

माझी धाकटी बहीण मँचेस्टरला असते. २०१८ च्या सप्टेंबरात मी तिच्याकडे गेलो होतो. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, तेव्हा पंधरा वर्षांची होती. डोंगरांचं भारी वेड! ती म्हणाली, "मामा, आपण वेल्सला जाऊ. तुला क्रीब गोख दाखवते."

वेल्स हा इंग्लंडला पश्चिमेकडून चिकटलेला छोटासा देश. तिथली भाषा वेल्श. इंग्रजीशी तिचं फारसं जमत नाही, आणि तिचे उच्चार म्हणजे जिभेची कसरतच! तिथल्या सर्वांत उंच डोंगराला इंग्रजीत स्नोडन म्हणतात. त्याचं खरं वेल्श नाव 'अर् विद्वा'. २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने ठरवलं, की यापुढे आपण वेल्श नावंच वापरायची. अर् विद्वा म्हणजे थडगं. कुणाचं? तर एका राक्षसाचं! राजांच्या दाढ्या कापून त्यांचा अंगरखा शिवणारा ऱ्हिता नावाचा राक्षस होता म्हणे. त्याने आर्थर राजाची दाढी मागितली आणि तिथेच त्याचं भरलं. त्याच्यावर रचलेला दगडांचा ढीग म्हणजे हा डोंगर, असं तिथली आजीआजोबा मंडळी सांगतात.

मी लगेच उंची विचारली. १०८५ मीटर. मला हसूच आलं. "अगं, आपलं कळसूबाई १६४६ मीटर! हा तर तिच्या खांद्याला पण लागत नाही." भाची काही बोलली नाही. ती मोबाईलवर डोंगरावरच्या वाऱ्याचा अंदाज बघत होती. मी मात्र हरिहर, हरिश्चंद्रगड, नाणेघाट अशी माझी यादी म्हणून दाखवली. सगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसने निघालो. बसचं नाव काय होतं माहीत आहे? 'शेर्पा'! वाटेत पेन-अ-गुरिड नावाचं जुनं हॉटेल लागलं. १९५३ साली एव्हरेस्ट सर करणाऱ्या तुकडीने आधी याच डोंगरांत सराव केला होता आणि ती मंडळी या हॉटेलात उतरली होती. त्यांच्या सह्या तिथल्या छतावर जपून ठेवल्या आहेत. बस पुढे पेन-अ-पास या खिंडीत थांबली. उंची ३५९ मीटर. म्हणजे माथा तिथून फक्त ७२६ मीटर वर. मी पुन्हा हसलो.

तिथून माथ्यावर जायच्या साध्या वाटा आहेत. पण आमची वाट वेगळी होती. घोड्याच्या नालेसारखी गोल फिरून, चार शिखरांवरून जाणारी. त्यातलं पहिलंच शिखर क्रीब गोख, उंची ९२३ मीटर. 'गोख' म्हणजे तांबडी, आणि 'क्रीब' म्हणजे डोंगराची धार. याच शब्दाचा दुसरा अर्थ कंगवा. तांबडा कंगवा!

हा कंगवा केला कुणी? बर्फाने. हिमयुगात या धारेच्या दोन्ही बाजूंना हिमनद्या होत्या. एक भाकरी दोन भावंडांनी दोन बाजूंनी खात यावी आणि मध्ये नुसता पापुद्रा उरावा, तसा दोन्हीकडून डोंगर खरवडला गेला. मध्ये उरली ही धार. हिमनदीने कोरलेल्या अशा वाटीसारख्या दरीला वेल्श भाषेत 'कुम' म्हणतात. आता गंमत ऐका. एव्हरेस्टच्या वाटेवर 'वेस्टर्न कुम' नावाची बर्फाची दरी आहे ना, तो कुम इथलाच! जॉर्ज मॅलरी नावाचा गिर्यारोहक तरुणपणी याच वेल्श कड्यांवर चढाई करायचा. १९२१ साली एव्हरेस्टची पाहणी करताना त्याला ती दरी दिसली आणि त्याने तिला हे नाव दिलं. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर तो दिसेनासा झाला. नाव राहिलं.

असो. पाऊण-एक तास चालल्यावर एका खिंडीत वाट फुटली. डावीकडची माथ्याकडे जाणारी साधी वाट. उजवीकडे दगडांचा उभा चढ. भाची थांबली. "मामा, इथूनच ठरवायचं. वर गेल्यावर मागे फिरणं जास्त कठीण असतं. नक्की ना?"

"चल गं," मी म्हणालो.

चढ मजेत पार झाला. हाताला पकडी होत्या, पायाला खाचा होत्या. एके ठिकाणी तर मी भाचीला 'असा पाय टाक' म्हणून शिकवलंसुद्धा! आणि मग आम्ही वर आलो.

कसं सांगू तुम्हाला? आपल्या हरिहरच्या पायऱ्या अगदी उभ्या, पण तिथे निदान एका बाजूला भिंत असते. इथे भिंतच नव्हती. समोर तुटक्या दगडांची धार, कुठेकुठे जेमतेम फूटभर रुंद, अशी लांबवर गेलेली. उजवीकडे सरळ कडा. डावीकडे तीव्र उतार, त्याच्या तळाशी एक तळं. लोक कसे चालतात, तर धारेवर नाही. डाव्या अंगाला थोडं खाली पाय ठेवायचे आणि धार हाताने धरायची. जिन्याचा कठडा धरतो ना, तशी.

मी पंधरा-वीस पावलं गेलो असेन. तेवढ्यात उजवीकडचं धुकं फाटलं आणि मला खालचा रस्ता दिसला. त्यावरून एक मोटार चालली होती. केवढी? मुंगीएवढी.

आणि माझे पाय थांबले.

थांबले म्हणजे मी थांबवले नाहीत, ते आपोआप थांबले. गुडघे लटपटायला लागले. तोंडाला कोरड पडली. बोटं दगडावर अशी आवळली गेली, की मलाच ती सोडवेनात. मी मटकन बसलो. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, घोड्यावर बसावं तसा. मागून चार-पाच जण आले, 'हॅलो' म्हणत माझ्या बाजूने अलगद निघून गेले. त्यांत एक सत्तरीच्या आजीबाई होत्या!

भाची परत फिरून माझ्यासमोर बसली. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "मामा, हलू नकोस. आधी श्वास घे." तिने पाठपिशवीतून चिक्की काढली. तुकडा माझ्या तोंडात तिनेच घातला, कारण माझे हात मोकळे नव्हते. मी म्हणालो, "मला नाही जमणार." म्हणालो म्हणजे, आवाज फुटला तेवढा.

ती म्हणाली, "इथे पुष्कळांचं असं होतं. लागलेलं नसतं, पडलेले नसतात. फक्त पुढे जाता येत नाही, मागेही जाता येत नाही. मग बचाव पथकाला यावं लागतं." ही बचाव पथकं म्हणजे आसपासच्या गावांतली तुमच्याआमच्यासारखी माणसं. पगार नाही, काही नाही. फोन आला की हातातलं काम टाकून डोंगरावर धावतात. त्यांना बोलवायचं का, असं तिने मला सरळ विचारलं. मी उत्तर दिलं नाही. आम्ही बसून राहिलो. अर्धा-पाऊण तास झाला असेल. वारा तेवढा वाढला नाही, हे माझं नशीब. पावसाचंही तसंच. साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे वर्षाला. आपल्या लोणावळ्याची आठवण यावी इतका!

शेवटी ती म्हणाली, "उभा राहू नकोस. बसूनच ये. माझ्या बुटाकडे बघ, दुसरीकडे बघू नकोस."

आणि मी तसाच आलो. बसून. लहान बाळ घसटत घसटत सरकतं ना, अगदी तसा. हरिहर आणि हरिश्चंद्रगड केलेला तुमचा हा काका! पुढे दगडी सुळके आले, त्यांना वळसा घालताना तिने माझा एकेक पाय हाताने धरून खाचेत ठेवला. पलीकडच्या गवताळ खिंडीत पोहोचलो तेव्हा माझी विजार मागून टराटरा फाटलेली होती.

आता कळलं ना, जाकीट कमरेला का ते?

पुढचा १०६५ मीटरचा डोंगर चढून आम्ही अर् विद्वाच्या माथ्यावर गेलो. तिथे बघतो तर काय, चक्क आगगाडी! १८९६ पासून ती लानबेरिस गावाहून वरपर्यंत येते. गाडीतून उतरलेली मंडळी फोटोसाठी रांगेत उभी होती. आम्हीही राहिलो. नालेचं चौथं शिखर मी बघितलं ते लांबूनच, आणि साध्या वाटेने खाली उतरलो. उतरताना मी भाचीला म्हटलं, "हे घरी सांगू नकोस हं."

"का?" तिने विचारलं.

मला उत्तर आलं नाही. तिने मात्र शब्द पाळला.

इथेच संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पण २०२३ च्या डिसेंबरात मी सोसायटीतल्या मुलांना हरिहरला घेऊन गेलो. त्यात सातवीतला एक मुलगा होता. पायऱ्यांशी आल्यावर तो थांबला. तोंड पांढरंफटक. बाकीची पोरं हसायला लागली. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, तुम्हाला नाही कधी भीती वाटली? त्या फोटोतल्या डोंगरावर?"

त्याला काय वाटत होतं, ते त्या सबंध घोळक्यात फक्त मला ठाऊक होतं. आणि मी काय म्हणालो असेन?

"छे! भीती कसली?"

पोरं आणखी हसली. तो पायऱ्यांच्या खाली एकटा बसून राहिला. त्यानंतर तो कधी आमच्याबरोबर आला नाही. जिन्यात भेटला की मान खाली घालून जातो. आता तो नववीत आहे.

परवा भाचीला फोन करून विचारलं, "आता सांगितलं तर चालेल ना?" ती म्हणाली, "मामा, मी तर केव्हाची वाट बघतेय."

हा अंक त्याच्याही घरी येतो, हे मला माहीत आहे. तर बाबा, ती फाटकी विजार मी अजून टाकलेली नाही. कपाटात खालच्या खणात आहे. रविवारी सकाळी मी घरीच असतो. बघायला ये.