सुट्टी आपली, पाऊसही आपलाच!

परदेशी सहल कशी ठरते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. डिसेंबरात ऑफिसमधून पुढच्या वर्षीच्या सुट्ट्यांची यादी येते. त्यात शुक्रवार-सोमवार शोधायचे, त्यांना एखाद-दोन रजा चिकटवायच्या आणि लंच टाइममध्ये कुठलं तिकीट स्वस्त मिळतंय ते बघायचं. ज्या देशाचं तिकीट स्वस्त, तोच देश लहानपणापासून आपल्या स्वप्नात! त्या महिन्यात तिकडे हवा काय असते, हा प्रश्न थेट बॅग भरताना पडतो. तोही छत्री घ्यायची का, एवढ्यापुरता.

मीही याच पंथातली. २०२५ साली १५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता. सोमवार-मंगळवार रजा टाकली की सलग पाच दिवस. फुकेतचं पॅकेज माणशी ३८ हजारांत मिळत होतं. ‘एवढं स्वस्त कसं?’ असं मी विचारलंही. ‘ग्रीन सीझन आहे ना मॅडम, म्हणून तर डील!’ असं फोनवरच्या मुलाने उत्साहाने सांगितलं. ग्रीन म्हणजे नक्की कशाने ग्रीन, हे विचारायचं मला सुचलं नाही. नंतर कळलं की थायलंडच्या टुरिझमवाल्यांनी पावसाळ्याचं केलेलं हे बारसं आहे.

एकटी गेले असते तर एवढं काही वाटलं नसतं. पण मी आईला नेत होते. आई वाईला शाळेत भूगोल शिकवायची. एकतीस वर्षं तिने पोरांना प्रवाळ बेटांची आकृती फळ्यावर काढून दाखवली, आणि प्रत्यक्ष प्रवाळ एकदाही पाहिलं नाही. रिटायर झाल्यावर एकदा सहज म्हणाली होती, ‘पाण्याखाली डोकं घालून ते एकदा बघायचंय गं.’ मागायची सवय नसलेली बाई असं काही बोलते, तेव्हा ते लक्षात राहतं. त्यात डॉक्टरांनी गुडघ्यांचं ऑपरेशन दोनेक वर्षांत करावं लागेल असं सांगून ठेवलेलं. म्हणून मी सरप्राइज द्यायचं ठरवलं. पासपोर्ट काढून घेतला, कुठे जायचं ते मात्र विमानतळावरच सांगितलं.

आईने बोर्डिंग पास डोळ्यांजवळ धरून वाचला. ‘फुकेत?’ मग थोडं थांबून, ‘ऑगस्टमध्ये?’

एवढंच म्हणाली. मला वाटलं, आनंदाने गहिवरली असेल!

पुढचे पाच दिवस आम्ही समुद्र पाहिला तो करोन बीचसमोरच्या हॉटेलच्या बाल्कनीतून. किनाऱ्यावर लाल झेंडे लावलेले, म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. पहिल्या दिवशी पाऊस होता म्हणून मी समजूत करून घेतली. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं तरी झेंडा लालच! मी वैतागले, तर आई म्हणाली, ‘ऊन डोक्यावर आहे. लाटा शेकडो मैल लांबून येतायत, त्यांना इथल्या उन्हाचं काय?’ तिचं वाक्य संपतंय तोवर कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला एक धडधाकट तरुण बघता बघता आत ओढला जाऊ लागला. लाइफगार्ड शिट्टी वाजवत फळी घेऊन धावला आणि त्याला बाहेर काढलं. बाहेर आल्यावर तो पोरगा हसायचा प्रयत्न करत होता, पण त्याचे पाय थरथरत होते. त्यानंतर मी झेंड्याबद्दल तक्रार केली नाही.

प्रवाळासाठी जिथे जायचं, ती सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंदच असतात. लिओनार्दो दि कॅप्रिओच्या सिनेमामुळे जगभर गाजलेला माया बे दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंद ठेवतात. (आणि उघडा असतो तेव्हाही तिथे पोहू देत नाहीत, गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढायचे. प्रवाळ सांभाळायचं तर तेच बरोबर आहे म्हणा.) फी फीची बोट दोनदा रद्द झाली. पॅकेजवर हे सगळं कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मी मोठ्या अक्षरातली किंमत वाचली होती.

तसं अगदीच वाईट गेलं नाही. फुकेतच्या जुन्या गावातली रंगीत चिनी-पोर्तुगीज घरं आईला फार आवडली. गर्दी नव्हती, हॉटेल चकाचक, मसाज अर्ध्या किमतीत. नुसतं लोळायचं असेल, आयुष्याचा फार विचार करायचा असेल, तर ऑगस्टमधलं फुकेत झकास आहे. पण मी आईला लोळायला आणलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी धो धो पाऊस लागला, तेव्हा आईने हॉटेलचं लेटरपॅड ओढलं आणि थायलंडचं ते लांबुळकं शेपूट काढलं. ‘हे बघ. हे आपलेच वारे आहेत. नैर्ऋत्य मोसमी. केरळात एक जूनला येतात ना, त्याच्या आधी मेमध्येच ते अंदमानच्या समुद्रात पोचलेले असतात. फुकेत त्या वाऱ्यांच्या तोंडावर आहे. आपलं कोकण समज.’ मग शेपटाच्या मधोमध डोंगराची रेघ मारून तिने पलीकडे एक ठिपका दिला. ‘हे कोह सामुई. डोंगराच्या आडोशाला. महाबळेश्वरला मुसळधार असतो तेव्हा वाईला काय असतं?’

‘भुरभुर,’ मी म्हटलं.

‘मग?’

फुकेतपासून सामुई सरळ रेषेत साधारण अडीचशे किलोमीटर. देश तोच, महिना तोच, पण ऑगस्टमध्ये सामुईला बहुतेक दिवस ऊन असतं आणि जवळच्या कोह ताओला लोक मासे बघायला पाण्यात उतरलेले असतात. मी आईला बरोबर महिन्यात चुकीच्या किनाऱ्यावर नेलं होतं. आणि जिला विचारायला हवं होतं, तिलाच सरप्राइज दिलं होतं!

घरी आल्यावर मला वाटलं, चला, आता शिकलो. दिवाळीच्या सुट्टीला जोडून नोव्हेंबरमध्ये सामुईला जाऊ. आईने शाळेचा जुना अ‍ॅटलास काढला. ‘चेन्नईला पाऊस कधी पडतो?’ चेन्नईतली टीम दर दिवाळीच्या सुमाराला ‘वॉटर लॉगिंग, वर्किंग फ्रॉम होम’ असे मेल टाकते, त्यामुळे हे उत्तर मला तोंडपाठ होतं. वारे उलटे फिरतात, ईशान्येकडून येताना समुद्रावरचं बाष्प उचलतात आणि पूर्व किनाऱ्यावर ओततात. सामुई थायलंडच्या पूर्व बाजूला, म्हणून तिथला सगळ्यात ओला महिना नोव्हेंबर. तेव्हा फुकेतकडे मात्र आकाश मोकळं व्हायला लागलेलं असतं.

मग मी व्हिएतनाम काढलं. होई अनला कंदिलांचे फोटो काय सुंदर असतात! ऑक्टोबर अखेरची तिकिटंही स्वस्त. आईने अ‍ॅटलासवर बोट ठेवलं आणि मान हलवली. मध्य व्हिएतनामचा किनारा पूर्वेला, पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, वर तिकडच्या समुद्रातली वादळं. मी थोडी रुसलेच. २०२५ ची भाऊबीज झाली आणि आठवड्याभरात टीव्हीवर होई अनचे रस्ते दिसले. कंदिलांखाली लोक होड्या चालवत होते, घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. माणसं गेली त्या पुरात. तेव्हा स्वस्त तिकिटाचा विषय आमच्या घरात परत निघाला नाही.

तोवर अ‍ॅटलास डायनिंग टेबलवर कायमचा मुक्कामाला आला होता. ऑफिसात कोणी सहलीचं बोललं की मी घरी येऊन आईला विचारायचे आणि दुसऱ्या दिवशी शहाणपणा वाटायचे. एक जण जूनमध्ये नॉर्वेला नॉर्दर्न लाइट्स बघायला निघाला होता. ट्रॉम्सोला २० मेच्या सुमारापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही, दिवे कुठल्या अंधारात दिसणार? बिचाऱ्याने आता फेब्रुवारीचं बुकिंग केलंय. मुलांच्या शाळा सुटल्यावर म्हणजे मेमध्ये ट्युलिप बघायला हॉलंडला जाणाऱ्यांचंही तेच. कोकेनहॉफची बाग मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास उघडते आणि मेच्या मध्यापर्यंत मिटते, तेव्हा जायचं तर सुट्टी लागल्या लागल्या पळायला हवं. जपानचा साकुरा टोकियोत साधारण मार्चअखेर, आपल्याकडे इअर एंडिंगची बोंब असते तेव्हा. एप्रिलअखेर जावं म्हटलं तर फुलं गळालेली आणि वर जपान्यांचा गोल्डन वीक, म्हणजे अख्खा देश आपल्यासारखाच सुट्टीवर! बालीचं गणित सोपं, एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं. फक्त मार्चमध्ये न्येपीचा दिवस तेवढा बघून ठेवा. त्या दिवशी अख्खं बेट मौन पाळतं आणि विमानतळही चोवीस तास बंद असतो.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी आजवर सगळं उलट करत होते. आधी देश, मग महिना. पण नोकरदार माणसाच्या हातात देश असतो, महिना नसतो! महिना रिलीज ठरवतं, बॉस ठरवतो, मुलं असतील तर शाळा ठरवते. मग मिळालेल्या महिन्यात कुठे बरं असतं, तेवढंच विचारायचं. किंवा मग एकाच जागेवर जीव जडला असेल तर तिचा महिना मिळेपर्यंत थांबायचं. आईच्या प्रवाळाच्या बाबतीत आम्ही थांबायचं ठरवलं. मनात मात्र धाकधूक होतीच, कारण गुडघे थांबत नव्हते. दिवाळीत ती पहिल्यांदा जिन्याचा कठडा धरून उतरली.

२०२६ चा २६ जानेवारी सोमवारी होता. चार रजा टाकल्या की शनिवार ते पुढचा रविवार, सलग नऊ दिवस. टीम लीड म्हणाला, ‘जानेवारीत कोण सुट्टी घेतं?’ कोणी घेत नाही म्हणून तर मिळाली. चिनी नववर्ष १७ फेब्रुवारीला होतं, त्या गर्दीच्या आत आम्ही परत येणार होतो. पैसे मात्र मोजावे लागले. माणशी ६१ हजार, तेही साध्या हॉटेलात. मसाजला पूर्ण किंमत आणि रांग. पण किनाऱ्यावर लाल झेंडा नव्हता.

सिमिलानची व्हॅन पहाटे पाचला न्यायला आली. तिथे रोज ठरावीकच माणसं सोडतात, म्हणून बुकिंग मी महिनाभर आधी केलं होतं. थाप लामूच्या धक्क्यावरून स्पीडबोट निघाली. पाणी रंकाळ्यासारखं सपाट. तास-दीड तासाने बेटं दिसली. सिमिलान हा शब्द मलायमधल्या नऊ या आकड्यावरून आला, मूळची बेटं नऊ, हे आईने शेजारच्या रशियन बाईंना इंग्रजीत समजावून सांगितलं. मास्तरीण ती मास्तरीणच.

उतरायच्या वेळी ती शिडीपाशी अडकली. एक पायरी, मग दुसरीवर पाय टेकवेना. बोटीवरचा पोरगा खाली पाण्यात उभा राहिला आणि त्याने तिची टाच धरून एकेक पायरीवर ठेवली. लाइफ जॅकेट, तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लांबचा चष्मा नाही, तेवढं एक बरं झालं. पहिल्यांदा पाणी गिळून ठसकत वर आली. मला वाटलं, झालं, आता परत बोटीत. तिने मास्क पुसला आणि पुन्हा डोकं आत घातलं.

मी तिचा हात धरून शेजारी तरंगत होते. खाली निळ्या-पिवळ्या माशांचा थवाच्या थवा, एक जाडजूड पोपटमासा खडक कुरतडत होता, चक्क आवाज ऐकू येत होता. बरंचसं प्रवाळ मात्र करडं, मेलेलं होतं. २०१० साली समुद्र तापून अंदमान समुद्रातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं, आणि तापणं त्यानंतरही थांबलेलं नाही. मधेच जिवंत तुकडा यायचा, जांभळा, फांद्याफांद्यांचा, तेव्हा आई माझा हात घट्ट दाबायची. पंचवीस मिनिटं तिने डोकं वर काढलं नाही.

बोटीत टॉवेल गुंडाळून बसल्यावर म्हणाली, ‘पुस्तकात सगळं रंगीत छापायचे. मेलेलं पण छापायला हवं होतं.’ मग थोड्या वेळाने, ‘फळ्यावर मी फांद्या फार जाड काढायचे.’

गुडघ्याचं ऑपरेशन आता डिसेंबरवर गेलंय. त्याआधी एकदा श्रीलंकेला जायचं तिच्या मनात आहे. बेंतोटा-मिरिस्साचा किनारा डिसेंबर ते मार्चचा, पण ऑगस्टमध्ये पूर्वेकडचं त्रिंकोमाली छान असतं आणि तिथे पिजन आयलंडला पुन्हा मासे. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दित्वा चक्रीवादळाने श्रीलंकेची वाताहत केली, तेव्हा तिने आधी मला कुठले रस्ते सुरू आहेत ते शोधायला लावलं. १५ ऑगस्ट २०२६ शनिवारी येतोय, म्हणजे सुट्टी वायाच. पाच रजा लागतील. अर्ज परवाच टाकलाय. बॉसने अजून हो म्हटलेलं नाही, एवढंच विचारलं, ‘ऑगस्टमध्ये? पावसात?’

मी लेटरपॅड मागवलंय.